रोमची कारंजी पाण्याच्या वाटेनं पाहा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

रोमला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण तीन कारंजी बघतात: त्रेव्ही, पियाझ्झा नाव्होनातलं (पियाझ्झा म्हणजे चौक) चार नद्यांचं, आणि स्पॅनिश पायऱ्यांखालची दगडी होडी. तिन्ही ठिकाणी फोटो निघतात, एक नाणं पाण्यात जातं आणि यादीतल्या नावापुढे खूण होते. नंतर आठवायला बसलं की पुतळे एकमेकांत मिसळलेले असतात. कोणाच्या हातात शंख होता आणि कोणाच्या हातात वल्हं, काही सांगता येत नाही.

यावर सोपा उपाय आहे. कारंजी शिल्पकारांच्या नावानं किंवा नकाशावरच्या जवळिकीनं लावू नका, पाण्याच्या नावानं लावा. रोममधली जुनी कारंजी मुख्यतः तीन जलवाहिन्यांवर उभी राहिली: आक्वा व्हेर्जिने, आक्वा फेलिचे आणि आक्वा पाओला. ही कारंजी बांधली तेव्हा पंप नव्हते. गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका खालच्या नळाला जोर, हाच हिशोब तेव्हा लागू होता. जलवाहिनी किती उंचीवरून शहरात शिरते यावर कारंजं उडणार, सांडणार की नुसतं झिरपणार हे ठरायचं, आणि शिल्पकाराला त्याच मर्यादेत हात चालवावा लागायचा. आज बहुतेक मोठ्या कारंज्यांत तेच पाणी पंपानं फिरवलं जातं. पण दगडाचे आकार त्या जुन्या जोरावर बेतलेले आहेत आणि ते अजून तसेच आहेत.

खाली तीन फेऱ्या दिल्या आहेत. दीड दिवसात तिन्ही होतात. एकच दिवस असेल तर पहिली पूर्ण करा आणि दुसरी संध्याकाळी उरका.

निघण्यापूर्वी

आधी बूट. जुन्या शहरात काळ्या दगडाच्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांची फरसबंदी आहे. तिला सांपिएत्रिनी म्हणतात. ठोकळ्यांमध्ये फटी असतात आणि पाऊस पडला की दगड गुळगुळीत होतो. पातळ तळव्याच्या चपला दोन तासांत पाय धरतात. बाबागाडी असेल तर मोठ्या चाकांची घ्या, लहान चाकं फटीत अडकतात.

दुसरी वस्तू म्हणजे अर्ध्या ते एक लिटरची रिकामी बाटली. रोममध्ये पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरज नाही, कारण नासोने नावाचे ओतीव लोखंडाचे नळ रस्तोरस्ती आहेत. १८७४ पासून ते बसवायला सुरुवात झाली आणि आज शहरात त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात आहे. नळाची तोटी नाकासारखी वाकडी असते आणि पाणी सतत वाहत असतं, बंद करायची चावी नसते. प्यायची पद्धत अशी: तोटीच्या वरच्या बाजूला, वळणावर एक बारीक भोक असतं. तोटीचं खालचं तोंड बोटानं दाबून धरलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि न वाकता तोंडात घेता येते. बोट हळू दाबा, एकदम दाबलंत तर धार थेट शर्टावर येते. बाटली भरायची असेल तर भोकाकडे लक्षच देऊ नका, तोंड खाली धरा आणि भरा. पाणी जड आहे, त्यात चुना बराच असतो. चव थोडी वेगळी लागेल, पण पाणी घरोघरी येतं तेच आहे. एखाद्या नळावर किंवा कुंडावर ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी दिसली तर ते पाणी प्यायचं नाही. मोठ्या कारंज्यांच्या कुंडातलं पाणी कधीच पिऊ नका. ते फिरवलेलं असतं आणि त्यात रसायनंही असू शकतात.

वाहतुकीचं साधं तिकीट १.५० युरोचं, १०० मिनिटं चालणारं. बस आणि ट्राम हव्या तितक्या बदलता येतात, मेट्रोत मात्र एकदाच शिरता येतं. मेट्रोच्या फाटकावर स्पर्शानं चालणारं बँक कार्डही चालतं. प्रत्येक वेळी तेच कार्ड टेकवा. घरातल्या चौघांनी एकाच कार्डावर आत जायचा प्रयत्न केला की फाटकाशी घोळ होतो, म्हणून माणशी एक कार्ड किंवा एक तिकीट.

सार्वजनिक शौचालयं कमी आहेत. तिकडे ‘बार’ म्हणजे कॉफीचं दुकान. काउंटरवर उभं राहून एक एस्प्रेसो घ्या आणि शौचालय वापरा, ही तिथली सर्वमान्य रीत आहे. टेबलाशी बसलात तर त्याच कॉफीचे पैसे बरेच जास्त लागतात, आणि कारंज्यासमोरच्या टेबलाचे तर विचारूच नका.

वेळ कोणती? जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि ट्रॅव्हर्टाइन हा फिक्या रंगाचा दगड दुपारी डोळ्यांत घुसतो. एप्रिल, मे आणि ऑक्टोबर बरे. कुठल्याही महिन्यात सकाळी सात ते नऊ आणि सूर्यास्तानंतरचे दोन तास यांना तोड नाही.

पहिली फेरी: आक्वा व्हेर्जिने, कमी जोराचं पाणी

ही सगळ्यात जुनी. सम्राट ऑगस्टसचा सेनापती मार्कस अग्रिप्पा यानं इ.स.पू. १९ मध्ये ही जलवाहिनी सुरू केली. लांबी सुमारे वीस किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून, आणि इतक्या अंतरात उतार जेमतेम चार मीटर. जमिनीखाली असल्यामुळेच ती टिकली. इ.स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घालून बाकीच्या जलवाहिन्या तोडल्या, ही मात्र डागडुजी करत करत मध्ययुगातही पाणी आणत राहिली. पण ती शहरात शिरते फार खालून. म्हणजे पाणी भरपूर, जोर नाही. या फेरीतलं प्रत्येक कारंजं या अडचणीवरचं एकेक उत्तर आहे.

पायरी पहिली: मेट्रोच्या ए मार्गानं स्पान्या स्थानकात सकाळी आठच्या आत उतरा. बाहेर पडताच पियाझ्झा दि स्पान्या आणि समोर बार्काच्चा, म्हणजे ती दगडी होडी. पोप आठवा अर्बन याच्यासाठी पिएत्रो बर्निनीनं १६२७ ते १६२९ मध्ये हे घडवलं. हा थोरला बर्निनी, जास्त प्रसिद्ध असलेल्या जान लोरेंझोचा बाप. इथे पाण्याला जोर इतका कमी होता की उंच कारंजं शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं कुंड रस्त्याच्या पातळीखाली नेलं आणि त्यात अर्धवट बुडालेली होडी ठेवली. होडीच्या कडा मधोमध मुद्दाम खाली घेतल्या आहेत, तिथून पाणी सांडतं. जवळ जाऊन बघा: पाणी कुठेही उंच उडत नाही, होडी गळते आहे असंच वाटतं. अडचणच विषय झाली आहे. दोन्ही टोकांना उभं राहायला दगड आहेत, तिथल्या धारेला लोक बाटल्या लावतात.

होडीच्या कडेवर चढू नका. २०१५ साली फुटबॉलच्या सामन्यासाठी आलेल्या दंगेखोर प्रेक्षकांनी इथला दगड फोडला होता, तेव्हापासून पोलिसांचं लक्ष असतं. वरच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायलाही २०१९ पासून बंदी आहे. बसलात तर आधी शिट्टी ऐकू येते, दंड २५० युरोंपर्यंत जातो. दमला असाल तर उभ्यानंच टेका.

पायरी दुसरी: इथून त्रेव्हीला सरळ जाऊ नका. दक्षिणेला दहा मिनिटं चालत व्हिया देल नाझारेनो गाठा. हा छोटा रस्ता आहे. एका बाजूला लोखंडी जाळीमागे, रस्त्याच्या खाली, खड्ड्यात गेलेल्या दगडी कमानी दिसतात. ही खुद्द आक्वा व्हेर्जिने, जमिनीवर आलेला तिचा तुकडा. तिच्यावर सम्राट क्लॉडियसचा इ.स. ४६ चा शिलालेख आहे. कॅलिगुलानं मोडून ठेवलेल्या कमानी आपण पायापासून नव्यानं बांधल्या, असं तो त्यात सांगतो. आधीच्या कारभाऱ्यानं वाट लावली आणि आम्ही दुरुस्त केलं, ही पाटी लावायची हौस किती जुनी आहे ते इथे कळतं.

दहा वाजले असतील तर शेजारच्या व्हिया देल त्रितोनेवरच्या रिनाशेंते या मोठ्या दुकानाच्या तळघरात उतरा. २०१७ मध्ये हे दुकान उघडलं तेव्हा बांधकामात सापडलेल्या याच जलवाहिनीच्या कमानी सुमारे साठ मीटर लांबीपर्यंत जागेवर ठेवल्या. पाहायला पैसे नाहीत. वातानुकूलन आणि शौचालय आहे, उन्हाळ्यात याची किंमत वेगळी सांगायला नको.

पायरी तिसरी, त्रेव्ही. निकोला साल्वीनं १७३२ मध्ये काम हाती घेतलं, तो १७५१ मध्ये वारला आणि १७६२ मध्ये जुझेप्पे पान्निनीनं ते पूर्ण केलं. उंची सुमारे २६ मीटर, रुंदी ४९. हे स्वतंत्र उभं नाही, पालाझ्झो पोली नावाच्या वाड्याची दक्षिणेकडची भिंतच कारंजं झाली आहे. चौक इतका लहान की समोर मागे हटायला जागा नाही, म्हणून सगळं फोटोत मावत नाही. डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यातून तिरका फोटो घ्या.

आता पाण्याकडे बघा. इतकं प्रचंड कारंजं, पण धार वर उडते कुठे? जवळपास कुठेच नाही. पाणी खडकांवरून पडतं, पसरतं, फेसाळतं. तीच जुनी अडचण आहे. साल्वीनं कुंड चौकाच्या खाली नेलं, पाण्याला पडायला उंची मिळवून दिली आणि जोराऐवजी आवाज वापरला. गल्लीतून येताना कारंजं दिसायच्या आधी ऐकू येतं ते यामुळेच.

पुतळे ओळखायला मधोमध सुरुवात करा. शिंपल्याच्या रथावरचा उंच पुरुष म्हणजे महासागराचा देव ओशनस, पिएत्रो ब्राच्चीचं काम. त्याला बरेच जण नेपच्यून म्हणतात. पुढे दोन समुद्री घोडे: एक शांत, एक बिथरलेला. वर दोन कोरीव पट आहेत. डावीकडच्यात अग्रिप्पा जलवाहिनीचा आराखडा बघतो आहे, उजवीकडच्यात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवते आहे. ही जलवाहिनीची दंतकथा, आणि व्हेर्जिने म्हणजे कुमारी हे नाव तिथूनच आलं असं सांगतात. उजव्या कठड्यावर दगडाचं एक मोठं भांडं आहे, रोमकर त्याला पत्त्यांतला ‘बदामाचा एक्का’ म्हणावा तसं ‘चषकाचा एक्का’ म्हणतात. साल्वीच्या कामावर सतत टीका करणाऱ्या न्हाव्याच्या दुकानातून काही दिसू नये म्हणून ते तिथे बसवलं, अशी गोष्ट आहे. खरी असो-नसो, त्या बाजूनं उभं राहिलं की भांडं खरोखर आडवं येतं.

आत जायचे नियम अलीकडे बदललेत. डिसेंबर २०२४ मध्ये सफाई संपल्यावर कुंडाजवळ एका वेळी ४०० जणांचीच मर्यादा आली. फेब्रुवारी २०२६ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत कुंडाकाठी उतरायला पर्यटकांना २ युरोचं तिकीट लागतं. वरच्या चौकातून बघायला पैसे नाहीत. वेळा वाराप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या रात्री महानगरपालिकेच्या अधिकृत पानावर बघून घ्या. आठवड्यातल्या काही सकाळी पाणी थांबवून नाणी गोळा केली जातात. तेव्हा कुंडात झाडू आणि पाइप घेतलेली माणसं दिसतील आणि फोटो हवा तसा मिळणार नाही.

नाणं टाकायची पद्धत: कारंज्याकडे पाठ करा, उजव्या हातात नाणं धरा आणि डाव्या खांद्यावरून मागे टाका. पुढच्या रांगेत असाल तरच टाका, मागून टाकलेलं नाणं पुढच्याच्या डोक्यात बसतं. वर्षाला दहा लाख युरोंहून जास्त रक्कम जमते आणि ती कारितास या कॅथलिक सेवासंस्थेकडे गरजूंसाठी जाते. रुपयाचं नाणंही चालतं, फक्त पाण्यातलं नाणं काढू नका आणि पाण्यात पाय घालू नका. दोन्हीला दंड आहे आणि तो शेकडो युरोंत जातो. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात आणि पिशवी पोटाशी. सगळ्यांच्या पाठी कारंज्याकडे आणि डोळे फोनकडे असतात तो क्षण पाकीटमारांचा. कोणी हातात गुलाब किंवा मनगटात दोरा देऊ लागला तर हात मागे घ्या, हातात पडलं की पैसे मागितले जातात.

टूर कंपनीच्या बसनं गेलात तर इथे साधारण अर्धा तास मिळतो आणि बस आतपर्यंत येत नाही, चालावं लागतं. त्या अर्ध्या तासात तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका. वरच्या चौकातून नीट बघा आणि परत याल तेव्हा रात्री दहानंतर या.

पायरी चौथी: पश्चिमेला पँथिऑन या प्राचीन देवळाच्या चौकातून पियाझ्झा नाव्होना, चालत पंधरा मिनिटं. पँथिऑनसमोरचं कारंजं जाकोमो देल्ला पोर्ताचं, त्यावरचा ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत गेलेला उंच दगडी खांब, १७११ मध्ये नंतर बसवलेला. दोन मिनिटं पुरेत.

नाव्होनात मात्र निदान पाऊण तास द्या. हा चौक लांबट आणि एका टोकाला गोल आहे, कारण तो सम्राट डोमिशियनच्या शर्यतीच्या मैदानावर बसलेला आहे. मधलं चार नद्यांचं कारंजं जान लोरेंझो बर्निनीनं पोप दहावा इनोसंट याच्यासाठी १६४८ ते १६५१ मध्ये केलं. चार खंड, चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता आणि आशियाची गंगा.

आपल्या वाचकानं आधी गंगाच शोधावी, आणि शोधताना साडी किंवा मगर शोधू नये. ही गंगा दाढीवाला बाप्या आहे. रोमन परंपरेत नदीचा देव पुरुषच, त्यामुळे बर्निनीच्या मंडळींना दुसरं सुचण्याचं कारण नव्हतं. ओळखायची खूण म्हणजे हातातलं लांब वल्हं: या नदीतून नावा चालतात हे सांगायला. मूर्ती क्लोद पुसँ नावाच्या फ्रेंच शिल्पकारानं कोरली. बर्निनीनं रचना केली, पण चारही नद्या वेगवेगळ्या हातांच्या आहेत. नाईलचं तोंड कापडानं झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता. रिओ दे ला प्लाताशेजारी नाण्यांची रास आहे, अमेरिकेच्या संपत्तीची. तिचा हात वर आहे, त्यावर वाटाडे सांगतात की समोरचं सांत आन्येजे चर्च अंगावर कोसळेल या भीतीनं तो उचललाय, कारण ते बर्निनीचा प्रतिस्पर्धी बोर्रोमिनी याचं. गोष्ट छान आहे, पण चर्चचं काम १६५२ मध्ये, म्हणजे कारंजं झाल्यावर सुरू झालं.

आता कारंज्याभोवती पूर्ण फेरी मारा आणि खडकाच्या आरपार बघा. मध्यभागी पोकळ आहे. ग्रॅनाइटचा वजनदार ओबेलिस्क बर्निनीनं भरीव ओट्याऐवजी चार पायांच्या पोकळ गुहेवर उभा केला. खाली वाकून बघितल्यावर समोरच्या बाजूचे लोक दिसतात, तेव्हा त्याची हिंमत कळते. फोटो घेताना बहुतेक लोक एकाच बाजूनं घेतात आणि हेच चुकवतात. वारा असेल तर कॅमेऱ्याची काच दर दोन मिनिटांनी पुसा, उडालेला तुषार वाळला की चुन्याचे ठिपके राहतात. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेवा आणि फोन किंवा कॅमेरा कठड्याला टेकवा, थेंब गोठवायचे असतील तर १/५०० किंवा त्याहून वेगवान.

दक्षिण टोकाचं मोरोचं, म्हणजे मूर माणसाचं, कारंजं बघा, उत्तरेच्या नेपच्यूनवर फार वेळ घालवू नका. तिथलं कुंड सोळाव्या शतकातलं असलं तरी पुतळे १८७८ मधले आहेत.

पायरी पाचवी: या फेरीचा शेवट पियाझ्झा मात्तेईत. नाव्होनापासून चालत बारा-पंधरा मिनिटं. फोनमध्ये ‘कासवांचं कारंजं’ न शोधता चौकाचं नाव घाला, गल्ल्यांत फोन गोंधळतो. आराखडा जाकोमो देल्ला पोर्ताचा, काशाचे चार तरुण ताद्देओ लांदिनीचे, काळ १५८० चं दशक. तरुणांचा एकेक हात वरच्या कुंडाकडे उंचावलेला आहे आणि त्यावर कासवं पाणी प्यायला चढत आहेत. बघणाऱ्याला वाटतं कल्पना पहिल्यापासून हीच होती. तसं नाही. त्या हातांवर आधी डॉल्फिन बसवायचे होते. पाण्याला जोर पुरला नाही, वरचे चार डॉल्फिन काढले आणि वर गेलेले हात रिकामे राहिले. जवळपास सत्तर वर्षांनी, १६५८ च्या दुरुस्तीत, तिथे कासवं आली. १९७९ मध्ये एक कासव चोरीला गेलं, तेव्हापासून कारंज्यावर प्रतिकृती आहेत. मूळ कासवं बघायची तर कापितोलिनो संग्रहालयात जा.

दुसरी फेरी: आक्वा फेलिचे, टेकडीवर चढलेलं पाणी

पोप पाचवा सिक्स्तुस याचं मूळ नाव फेलिचे पेरेत्ती, जलवाहिनीला त्याचंच नाव. शहराच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर पाणी नव्हतं, म्हणून वस्ती नव्हती. १५८५ मध्ये काम सुरू झालं. पहिला अभियंता मात्तेओ बार्तोलानी याचा उताराचा हिशोब चुकला आणि पाणी उलट्या दिशेनं जाऊ लागलं. मग जोव्हान्नी फोंताना यानं ते हातात घेतलं आणि १५८७ मध्ये पाणी शहरात आणलं.

ही फेरी उताराची आहे, म्हणून वरून खाली या. मेट्रोनं रेपुब्लिका स्थानक. चौकातलं नायडांचं, म्हणजे जलपऱ्यांचं, कारंजं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, मारियो रुतेल्लीचं, आणि पाणी दुसऱ्याच जलवाहिनीचं. रस्ता ओलांडून जवळ जायच्या भानगडीत पडू नका, वाहनं गरगरत असतात.

तीनशे मीटरवर पियाझ्झा सान बेर्नार्दो. इथे बायबलमधल्या मोझेसचं कारंजं: तीन कमानी, मध्ये मोझेस. डोमेनिको फोंतानाची रचना. मोझेसचा पुतळा बुटका आणि बोजड आहे आणि लागला त्या दिवसापासून त्याची टिंगल झाली. तुम्हालाही तो बेढब वाटला तर नजर चुकलेली नाही. पण कारंजं म्हणून महत्त्व मोठं: जलवाहिनी शहरात जिथे शिरते तिथे भव्य दर्शनी भिंत उभी करायची, ही पद्धत इथून पुन्हा रूढ झाली. समोरचे सिंह प्रतिकृती आहेत, मूळचे इजिप्शियन सिंह व्हॅटिकनमध्ये.

पुढे क्वात्त्रो फोंताने, चौरस्त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कारंजी. मधोमध उभं राहिलं की तीन दिशांना तीन ओबेलिस्क आणि चौथीकडे पोर्ता पिया ही शहराची वेस दिसते, असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण इथे पदपथ अगदी अरुंद आहे आणि गाड्या भरधाव. सिग्नल लाल असताना, एकानं रस्त्यावर नजर ठेवून, दुसऱ्यानं बघावं. लहान मुलांना घेऊन हा उद्योग नको.

तिथून उतरत पियाझ्झा बार्बेरिनी. त्रितोने कारंजं, जान लोरेंझो बर्निनी, १६४२-४३. आता बार्काच्चा आठवा आणि फरक बघा. चार डॉल्फिन शेपट्यांवर उघडा शिंपला तोलून धरतात, त्यावर गुडघ्यावर बसलेला समुद्रदेव त्रितोन शंख फुंकतो आणि पाणी शंखातून सरळ आकाशाकडे जातं. टेकडीवरून आलेल्या पाण्याला जोर होता, म्हणून मुलाला जे करता आलं ते बापाला स्पान्यात करता आलं नव्हतं. खालच्या डॉल्फिनांमध्ये बार्बेरिनी घराण्याच्या मधमाश्या शोधा. चौकाभोवती सतत वाहनं असतात, बेटावर जायला झेब्रा पट्टे आहेत, तेच वापरा.

व्हिया व्हेनेतोच्या कोपऱ्यावर मधमाश्यांचं छोटं कारंजं आहे, १६४४ चं, पण आज दिसतं ते १९१६ मध्ये पुन्हा उभारलेलं. शिलालेखात पोप आठवा अर्बन (हाही बार्बेरिनी घराण्यातलाच) याच्या कारकिर्दीचं बाविसावं वर्ष कोरलं गेलं होतं, ते सुरू व्हायला अजून काही आठवडे बाकी असताना. लोकांनी अपशकुन म्हणून ओरड केली. पोप ते वर्ष लागायच्या आठ दिवस आधी वारला.

तिसरी फेरी: आक्वा पाओला, भरपूर जोर

पोप पाचवा पॉल यानं सम्राट ट्राजनची जुनी जलवाहिनी दुरुस्त करून पाणी जानिकोलो टेकडीवर आणलं. पाणी उंचावर आलं आणि नदीपलीकडच्या रोमची तहान भागली.

नदीपलीकडच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या पियाझ्झा त्रिलुस्सापासून सुरुवात करा. पायऱ्यांवरचं कारंजं मूळचं नदीच्या समोरच्या काठावर, व्हिया जुलियाच्या टोकाला होतं. नदीचे तट बांधले तेव्हा ते काढलं आणि १८९८ मध्ये या काठावर बसवलं. मग व्हिया गारिबाल्दीनं चढ. वीस मिनिटं लागतात, चढ खरा आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर ११५ क्रमांकाची छोटी बस वर जाते, पण ती वारंवार नसते, वेळ बघून ठेवा.

वर फोंतानोने, म्हणजे ‘मोठ्ठं कारंजं’. १६१० ते १६१२, पाच कमानी, पुढचं मोठं कुंड कार्लो फोंतानानं १६९० मध्ये जोडलं. खांब जुन्या सेंट पीटर्स चर्चमधले. संगमरवर नेर्व्हाच्या चौकातलं मिनर्व्हाचं देऊळ पाडून आणलेलं. पाणी कमानींतून भिंतीसारखं कोसळतं. त्रेव्हीला जो आवाज खडकांवर घडवावा लागला तो इथे आपसूक आहे. वरच्या प्रचंड अक्षरांतल्या लेखात एक जुनी चूक कोरलेली आहे: पोपनं आल्सिएतिना जलवाहिनी दुरुस्त केली असं तो सांगतो, प्रत्यक्षात ती ट्राजनची होती.

कारंज्याचं तोंड पूर्वेला. दगडावर ऊन हवं असेल तर सकाळी या. शहराचा देखावा हवा असेल तर दुपारी उशिरा, तेव्हा सूर्य पाठीमागून समोरच्या घुमटांवर पडतो. सकाळी आलात तर बाराच्या आधी दहा मिनिटं टेकडीवर गारिबाल्दीच्या पुतळ्याशी पोहोचा. खाली कट्ट्याशी रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते. आवाज मोठा असतो, तान्हं बाळ असेल तर दूर थांबा.

टेकडीच्या माथ्यावरून चालत व्हॅटिकनला पस्तीस-चाळीस मिनिटं. सेंट पीटर्स चौकातली दोन कारंजी एकसारखी दिसतात. चर्चकडे तोंड केल्यावर उजवं जुनं, कार्लो मादेर्नोचं, १६१४ च्या सुमाराचं. डावं १६७० च्या दशकातलं, बर्निनीच्या काळातलं, जोडी पूर्ण करायला केलेलं. पाणी पाओलाचंच. या उंच धारा बघून परत एकदा होडी आठवली तर दोन जलवाहिन्यांमधला फरक पुस्तकाशिवाय समजलेला असतो. बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे आणि रविवारी दुपारी प्रार्थनेमुळे चौक भरलेला असतो, ते दिवस टाळा.

कारंजं बंद सापडलं तर

हे होतंच. पाणी जड असल्यामुळे चुन्याचा थर तोट्या आणि दगडावर चढतो, शेवाळ येतं, पंप बिघडतात. सफाईसाठी कुंड एखादा दिवस रिकामं करतात, दुरुस्ती असेल तर महिनोन्‌महिने पत्रे आणि परांची लागतात. जायच्या आठवड्यात कारंज्याचं नाव आणि ‘रेस्ताउरो’ हा इटालियन शब्द एकत्र शोधा, रोमन अक्षरांत टाइप करून. बातमी सापडते. रिकामं कुंड सापडलं तर लगेच पाठ फिरवू नका. तोट्या कुठे आहेत, पाणी कुठून शिरतं, पाइप कुठे लपवलेत हे फक्त तेव्हाच दिसतं.